देवापुढची फाईल

कळंबच्या धान्य व्यापारी संघाचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा यांच्या घरातून कामाचा कागद देवापुढे ठेवल्याशिवाय बाहेर पडत नसे. आणि हळदकुंकू वाहिलेली फाईल साहेबाच्या हाती पडेपर्यंत उघडायची नाही, हा वडिलांपासूनचा दंडक.

त्या दिवशी धाराशिवला कायदे सुधारणाऱ्या समितीची सुनावणी होती. साठ्यावरची मर्यादा उठवा, असं बावीस पानी निवेदन संघाने पुण्याच्या वकिलाकडून लिहून घेतलेलं. गुरुसिद्धप्पांनी देव्हाऱ्यापुढची वरची फाईल कपाळाला लावली आणि चाळीस व्यापारी घेऊन ताठ मानेने निघाले.

समितीच्या प्रमुखांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला. "तुम्ही पापड लाटता?"

फाईल बायकोची, नीलाबाईंची होती. त्यांच्या बचत गटातल्या बारा जणी पापड-शेवया करीत. कारखान्याला लागतो तोच परवाना आम्हाला कशाला, हे त्यांचं गाऱ्हाणं. मागे चाळीस जण छाती काढून उभे. फाईल चुकली म्हणावं, तर अब्रू तिथेच जाणार.

"लाटत न्हाय साहेब, खातो," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "पर संघ काय फकस्त मोठ्यांचाच असतो व्हय?"

सेक्रेटरी रणधीर कानाशी लागला. "आप्पा, आपला साठा?"

"गप ऱ्हा."

तीन वर्षं जेवताना ऐकलेलं सगळं मग घडाघडा बाहेर पडलं. "अर्जात यंत्रांचा नकाशा मागतेत. बारा पोळपाटांचा नकाशा कसा काढावा, साहेब?"

समिती हसली, पण लिहूनही घेतलं. परतीच्या वाटेवर गुरुसिद्धप्पांशी कोणी बोललं नाही.

चार महिन्यांनी नियम बदलला. घरगुती पदार्थ करणाऱ्यांना एक पानी अर्ज, नकाशा नाही. संघाच्या निवेदनाने कायदा हलला, हे वीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं होतं. रुसवे विसरून व्यापाऱ्यांनी अध्यक्षांना फेटा बांधला.

तो फेटा घेऊन ते अंगणात आले. नीलाबाई पापड वाळत घालत होत्या.

"नीला, खरं सांगतो. घाईत फाईल बदलली माझ्याकडनं."

"बदलली न्हाय. माझी मीच वर ठेवली होती," नीलाबाई म्हणाल्या. "बारा बायांला तिथं कोण आत सोडतंय? तुमच्या मागं चाळीस मानसं असत्यात."

राग यायला हवा होता. पण गुरुसिद्धप्पांना बायकोचा असा अभिमान वाटला की त्यांनी फेटा तिच्याच डोक्यावर ठेवला.

"आमच्या बावीस पानांचंबी बघ की जरा."

"बघते," नीलाबाई फेटा सावरत म्हणाल्या. "पर आधी बारा जणींला इचारावं लागंल."