धूपदाणीचा हिरवा राप

सकाळी फांग देमाओ बाजारातून फुलं घेऊन आले, तेव्हा त्यांची धूपदाणी खिडकीत सोन्यासारखी चमकत होती. ते दारातच थबकले.

"नव्या वर्षाची साफसफाई झाली हो," त्यांची बायको सूमेइ स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमचं ते काळं भांडंसुद्धा आज माणसात आलं."

"घासलंस?"

"शिरका आणि मीठ लावून. निघता निघत नव्हतं मेलं."

धूपदाणी पणजोबांची, काशाची. तीन पाय, दोन कान. प्राचीन राजे पितरांचा नैवेद्य ज्या भांड्यात शिजवीत, त्याच घाटाची. अंगावरचा हिरवा-काळा राप हाच तिच्या वयाचा पुरावा होता. आणि आज दुपारी कू युनफेंग स्वतःची धूपदाणी घेऊन येणार होते. जुनी कुणाची, हा दोघा मित्रांचा कैक वर्षांचा वाद. यंदा पैजच लागली होती: हरणाऱ्याने दुसऱ्याच्या धूपदाणीची स्तुती लाल कागदावर लिहून आपल्याच दारावर वर्षभर लावायची.

"सगळी गल्ली वाचणार," देमाओ मटकन खुर्चीत बसले.

"मग वाचू दे की. अक्षर चांगलं आहे तुमचं."

देमाओंनी अंगणात ओल्या काटक्या पेटवल्या आणि धूपदाणी धुरावर धरली. ती जेमतेम काळवंडली. नुकती रंगवलेली भिंत मात्र पार काळी झाली. धूर पाहून शेजारीण बादली घेऊन धावली आणि तिने पाणी नेमकं धूपदाणीवर ओतलं. काजळी वाहून गेली. धूपदाणी पुन्हा लखलखली. सूमेइने नवऱ्याच्या हातात भिंत पुसायचं फडकं दिलं.

तेवढ्यात पिशवी पोटाशी धरून कू आले.

"शिरक्याचा वास येतोय रे तुझ्याकडे."

"तुझ्या पिशवीलाही येतोय."

कूंनी मान खाली घालून पिशवी उघडली. आत तसाच लख्ख सोनेरी प्रकाश.

"आमच्या हिने घासली," ते म्हणाले. "कुणीतरी फोनवर युक्ती सांगितली म्हणे."

सूमेइ चहा ओतण्यात फारच गुंतली.

दोघांनी दोन्ही धूपदाण्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"राप गेला. आता वय कशावरून ठरवणार?" कू म्हणाले.

"नाहीच ठरत. पैज रद्द."

"रद्द."

चहा झाला. मग देमाओंनी आपली धूपदाणी हळूच उन्हाकडे सरकवली.

"एक मात्र आहे. चमक आमचीच जास्त."

"तुमची? कानामागे बघ, काळं राहिलंय. आमचीत तोंड दिसतं."

देमाओंनी वाकून कानामागे पाहिलं.

"सूमेइ," त्यांनी हाक मारली, "शिरका उरलाय का गं थोडा?"