टाकीत किती जागा?

लकीचं नशीब हरवलं आहे हे कळलं, तो दिवस मंगळवार होता. बायकोला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि कामावर परतल्याचा तो पहिलाच दिवस.

लकी हे त्याचं खरं नाव नव्हे. डेपोतून पेट्रोल भरून आसपासच्या पंपांवर पोचवणारे चाळीस टँकर ड्रायव्हर होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ‘टाकीत जागा नाही’ हे वाक्य ऐकलं होतं. मग टाकी खाली व्हायची वाट बघत दिवस घालवायचा. लकीने मात्र ते वाक्य अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. तो जाईल तिथे जमिनीखालची टाकी त्याच्यासाठी तोंड वासून बसलेली. पैलवान म्हणून एक ड्रायव्हर होता, तो लकीचं बघून डावा पाय आधी टाकून केबिनमध्ये चढायला लागला आणि एकदा सपशेल आपटला.

लकीलाही नवल वाटायचं. आपल्यात काहीतरी आहे एवढं त्याला पटलं होतं. काय, ते ठाऊक नव्हतं.

मुलगी मागे लागली होती, “बाबा, आता पुरे. गाडी सोडा, आमच्याकडे राहायला या.”

“एक दिवस चालवून बघतो,” तो म्हणाला होता. “जमलं तर इथेच. नाही जमलं तर पिशवी भरतो.”

त्या मंगळवारी शाळेजवळच्या पंपावर मॅनेजरने टाकीत मोजायचा रॉड सोडला, वर काढला आणि दोनदा वाचला.

“लकीभाऊ, जागा दहा हजारांची आहे. तुम्ही आणलंय बारा हजार.”

“मग?”

“मग काय. अर्धवट उतरवता येत नाही, दोन हजार लिटर खपेपर्यंत बसा.”

वाट कशी बघतात हेच लकीला माहीत नव्हतं. त्याने टँकर होता तिथेच ठेवला आणि बाकावर बसला. अर्ध्या तासाने मॅनेजरने पुन्हा रॉड सोडला.

“काडीचा फरक नाही. आज गिऱ्हाईकच नाही हो.”

दोघांनी मान वळवली. आत यायच्या वाटेवर टँकर आडवा होता आणि त्याच्यापलीकडे गाड्या हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे जात होत्या. टँकर उभा म्हणून गाड्या येत नव्हत्या, गाड्या येत नव्हत्या म्हणून पेट्रोल खपत नव्हतं, आणि खपत नव्हतं म्हणून टँकर उभा होता.

“मागे लावा,” मॅनेजर म्हणाला. मग त्याला आठवलं, की मागे भिंतीचं काम चाललं आहे. “नाहीतर बाहेर लावा.”

टँकर बाहेर आल्यावर अर्धा रस्ता गेला. पाच मिनिटांत हवालदार आला.

“हे धूड कुणाचं?”

“माझं.”

“आत घ्या.”

“आत घेतलं तर विक्री थांबते साहेब.”

“मग डेपोत परत न्या.”

“भरलेली गाडी डेपो परत घेत नाही.”

हवालदाराने सगळं प्रकरण तीनदा ऐकून घेतलं. “म्हणजे दोन हजार लिटर खपलं, की तुम्ही जाणार?”

“लगेच.”

हवालदाराने शिट्टी तोंडात घातली आणि येणारी प्रत्येक गाडी पंपाकडे वळवायला सुरुवात केली. एक जण म्हणाला, “माझी टाकी फुल आहे.” हवालदार म्हणाला, “झाकण उघडून दाखवा.”

लोकांनी बघितलं, दारात भरलेला टँकर आहे पण उतरवत नाहीत, वर पोलीस उभा आहे. म्हणजे पेट्रोल संपणार. शाळेच्या फाटकाशी एकीने दुसरीला सांगितलं आणि वीस मिनिटांत रांग दवाखान्यापर्यंत गेली. एक काका बंद गाडी ढकलत घेऊन आले.

“चालत नाही ही,” ते म्हणाले, “पण भरून ठेवतो.”

सबंध रस्ता तुंबला. ओरडून ओरडून हवालदाराचा घसा बसला. पण दोन तासांत दोन हजार लिटर गेलं. मॅनेजर रॉड हातात धरून बघतच राहिला.

“सणासुदीलाही एवढं खपत नाही.”

“नशीब,” लकी म्हणाला. त्याला बरं वाटलं. गेलेलं परत आलं होतं.

पेट्रोल उतरत असताना मॅनेजर बाकावर त्याच्याशेजारी येऊन बसला. “एक विचारू? वहिनी रागावल्यात का माझ्यावर?”

“कोण वहिनी?”

“तुमच्या घरच्या. तुमची गाडी यायची असली की आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन. ‘भाऊजी, टाकीत किती जागा?’ मग मी मोजायचो. कमी असली, तर मागणी एक दिवस पुढे ढकलायचो. या वेळी फोनच नाही, म्हणून मोजायचंही राहून गेलं. सगळ्याच पंपांना करतात की. तुम्हाला माहीत नाही?”

लकीला माहीत नव्हतं. ती रोज जेवायला वाढताना विचारायची, “उद्या कुठे?” अकरा वर्षं त्याला वाटत होतं, काहीतरी बोलायचं म्हणून विचारते. कधी कधी तो वैतागूनही सांगायचा.

“एकदा मी अंदाजाने जागा सांगितली,” मॅनेजर म्हणाला, “तर मला म्हणाल्या, ‘ह्यांना ताटकळत बसवत नाही, पोटात आग पडते ह्यांच्या, रॉड घाला आणि सांगा.’ त्यांना म्हणावं, चुकलो. आता आठवणीने मोजतो.”

“सांगतो,” लकी म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बायकोचा फोन उघडला. घरात फोन तो एकच. त्यात अकरा पंपांचे नंबर होते आणि प्रत्येकापुढे तिने काहीतरी लिहून ठेवलं होतं. ‘पूल – खरं सांगतो.’ ‘बाजार – हजार कमी धरावे.’ ‘शाळा – विसरतो.’ लकीने सगळे अकरा वाचून काढले. एवढं मोठं काम त्याच्या घरात, भाजी चिरता चिरता चाललं होतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. “काय बाबा, जमलं का? की भरताय पिशवी?”

“थांब जरा,” तो म्हणाला. “मला अकरा फोन करायचेत.”

त्याने पहिला नंबर लावला. “टाकीत किती जागा?” पलीकडून विचारलं, आज वहिनी नाहीत का. ती गेल्याचं त्याने सांगितलं. मग दुसरा लावला. असे दहा झाले.

तो अजून गाडी चालवतो. शाळेजवळच्या मॅनेजरला तेवढं सांगायचं राहिलं आहे.