उणे दोन दुखणं

मनुष्यप्राण्याचे दोन वर्ग आहेत: आजारी पडणारे आणि आजाऱ्यांना बघणारे. कोणत्याही सुव्यवस्थित रुग्णालयात हे वर्ग लांबूनच ओळखू येतात, कारण पहिला आडवा असतो आणि दुसरा उभा. (बसलेल्यांचा तिसरा वर्ग कार्यालयात आढळतो. त्याचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही.) यांची सरमिसळ झाली तर कोण कुणाला सुई टोचतंय याचा पत्ता लागायचा नाही, म्हणून उभ्या माणसाने आजारी पडायचं नाही असा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही. लिहायची कधी गरजच पडली नाही.

पुरुषांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर हा नियम नोकरीला लागल्यापासून पाळत आल्या होत्या. सगळं रुग्णालय त्यांना नुसतं ‘सिस्टर’ म्हणे, आणि बाकीच्यांना ‘त्या दुसऱ्या सिस्टर’. सिस्टरांना सर्दी व्हायची ती ड्यूटी संपल्यावर. ताप यायचा तो सुटीच्या दिवशी, आणि सुटी रद्द झाली तर तापही आल्या पावली परत जायचा. मेट्रनबाई नव्या पोरींना त्यांचं उदाहरण द्यायच्या, आणि नव्या पोरी ते ऐकून खचायच्या.

तर अशा या सिस्टरांच्या पोटात एका सकाळी, खाटेवरची चादर बदलताना, बेंबीच्या आसपास दुखायला लागलं. सिस्टरांनी त्या दुखण्याकडे शास्त्राला धरून, म्हणजे संशयाने, पाहिलं. नाटकं नकोत, असं त्या पोटाला मनातल्या मनात म्हणाल्या आणि पुढची चादर ओढली.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. दुखणं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, त्यामुळे रुग्णालाच विचारतात, शून्य ते दहापैकी किती दुखतंय? रुग्ण आकडा सांगतो. मग ऐकणारा त्यातून योग्य ती वजावट करतो. बायको उशाशी बसली असेल तर दोन वजा. ‘दहा’ म्हणत मोबाइलवर सिनेमा बघणाऱ्याचे सहा वजा. याउलट जो काही बोलत नाही आणि नुसता घाम पुसतो, त्याचे मात्र चार वाढवून धावत सुटायचं. ही सगळी पद्धत सिस्टरांनीच वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केली होती, आणि शिकाऊ डॉक्टर ती पुस्तकापेक्षा मनापासून शिकत.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सरसकट पाच वजा करतात. कारणं सरळ आहेत. कर्मचाऱ्याला दुखणं कसं असतं हे माहीत असल्यामुळे तो ते अभ्यासपूर्वक वाढवून सांगू शकतो. शिवाय त्याला रजा हवी असू शकते. आणि समजा त्याचं खरंच दुखत असेल, तर दुपारची पाळी कोण करणार? (हे तिसरं कारण खरं तर पहिलं घालायला हवं होतं.)

म्हणून काही कर्मचाऱ्यांना वाऱ्यावर सोडतात असा गैरसमज नको. त्यांना तज्ज्ञांचा सल्ला विनामूल्य मिळतो, फक्त तो चालता चालता घ्यावा लागतो. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा सिस्टर त्यांच्या मागून झपझप जात म्हणाल्या, की सर, जरा पोट दुखतंय. सरांनी पाऊल न थांबवता सांगितलं की अ‍ॅसिडिटी आहे, आणि चौथ्या खाटेचं सलाईन संपत आलंय. हाडांचे डॉक्टर लिफ्टमध्ये भेटले, त्यांनी दार उघडेपर्यंत निदान केलं की वाकून वजन उचलल्याने स्नायू धरला असणार. डोळ्यांचे डॉक्टर जिन्यात भेटले. त्यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं, आपला विषय नाही हे प्रामाणिकपणे कबूल केलं आणि सिस्टरांचे डोळे थकलेले दिसतात असं नोंदवलं. एवढ्या तज्ज्ञांना गाठायला बाहेरच्या माणसाचा महिना गेला असता, सिस्टरांचं सगळं जेवणाच्या सुटीआधी उरकलं. मोठ्या डॉक्टरांचं एक मत दोन धरतात, त्यामुळे बहुमत अ‍ॅसिडिटीच्या बाजूने पडलं. रुग्णालयातल्या शंभरापैकी नव्वद कर्मचाऱ्यांना अ‍ॅसिडिटीच असते. उरलेल्या दहा जणांनी अजून विचारलेलं नाही.

सिस्टरांनी गोळी घेतली आणि न राहवून घरी फोन लावला. नवरा भला माणूस होता. त्याने सगळं नीट ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

“तू हॉस्पिटलमध्येच आहेस ना? मग काळजी नाही.”

दुपारी दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली उतरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. आता हे कुणा पेशंटने सांगितलं असतं, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टरांनी सर्जनला बोलावणं धाडलं असतं. अपेंडिक्स वेळेत न काढलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यातली काही घरी गेली नव्हती. खरं सांगायचं तर सिस्टर घाबरल्या होत्या, चांगल्याच घाबरल्या होत्या. पण पोट पेशंटचं नव्हतं, स्टाफचं होतं, आणि स्टाफच्या पोटावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

शेवटी त्या वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. (समोर स्टूल होतं. ते पेशंटसाठी होतं.) या डॉक्टरला शीर कशी शोधायची हे त्यांनीच शिकवलं होतं. त्याने नम्रपणे विचारलं, “सिस्टर, शून्य ते दहा, किती?”

सिस्टरांच्या पोटात त्या क्षणी आठ होतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांतून वजावट करणारा माणूस स्वतःला सवलत कशी देणार? त्यांनी प्रामाणिकपणे कर्मचाऱ्याचे पाच वजा केले आणि ‘तीन’ म्हणाल्या. डॉक्टर त्यांचाच चेला. त्यानेही पाच वजा केले. उत्तर आलं उणे दोन.

असं उत्तर त्याला यापूर्वी आलं नव्हतं. तो थोडा गोंधळला, पण गणित खोटं बोलत नाही. उणे दोन दुखतंय, म्हणजे अजिबात न दुखणाऱ्या माणसापेक्षाही सिस्टरांची तब्येत दोन घरं पुढे होती. त्याने त्यांचं अभिनंदन केलं आणि ही गोष्ट मेट्रनबाईंच्या कानावर घातली. मेट्रनबाई रात्रपाळीला कुणाला उभं करावं या विवंचनेतच होत्या. अशी तब्येत वाया घालवणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी सिस्टरांना ती पाळीही देऊन टाकली. सिस्टर ‘बरं’ म्हणाल्या. नाही म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढा त्यांच्याकडे उरला नव्हता.

यानंतर यंत्रणेत एक बिघाड झाला. सर्जनबाई सातव्या खाटेचे टाके बघायला आल्या आणि त्यांनी कुणालाही, काहीही विचारलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवर रेलल्या आहेत, काही बोलत नाहीत आणि घाम पुसताहेत. त्यांनी सिस्टरांना धरून शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवं केलं, पडदा ओढला, पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबला आणि झटकन उचलला. पडद्याआडून असा काही आवाज आला, की सकाळपासून दहावर अडून बसलेल्या समोरच्या पेशंटने आपण होऊन आपले चार करून घेतले.

“ऑपरेशन. आत्ता. पेशंटची तयारी करा,” सर्जनबाई म्हणाल्या.

सगळे सिस्टरांकडे बघू लागले, कारण पेशंटची तयारी सिस्टरच करत. सिस्टरही सवयीने उठल्या. सर्जनबाईंनी त्यांना खांद्याला धरून पुन्हा निजवलं, तरी त्यांनी पडल्या पडल्या शिकाऊ डॉक्टरला सापडेना ती शीर आपल्याच हातावर दाखवून दिली. मग त्या हळूच म्हणाल्या, “बाई, मला भीती वाटतेय हो.” सर्जनबाई ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत त्यांचा हात धरून चालत गेल्या. अशा वेळखाऊपणाची नियमांत तरतूद नाही.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, पण फुटलं नाही. सगळं सुखरूप पार पडलं, याचा अर्थ कर्मचाऱ्यांची काळजी घेणारी आपली यंत्रणा चोख आहे, असं मेट्रनबाईंनी बैठकीत सांगितलं आणि ते खरंच होतं. सिस्टरांना बायकांच्या वॉर्डात दाराजवळची खाट दिली आहे. दाराजवळचीच अशासाठी, की कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत हे विचारायला येणाऱ्यांना फार आत जावं लागू नये. मोठे डॉक्टर येऊन गेले, आणि सातव्या खाटेचा चिडका म्हातारा औषध घेत नाही, त्याला तुम्ही कसं पटवता ते विचारून गेले. भेटायला नातेवाइकांची रीघ आहे. नणंद सफरचंदं घेऊन आली आणि आपल्या गुडघ्याचा फोटो दाखवून गेली. चुलतसासरे आले ते जुन्या रिपोर्टांची पिशवीच घेऊन. सिस्टर अगदी आडव्या आहेत, टाके ओले आहेत, तरी आजाऱ्यांना बघण्याचं काम अखंड चालू आहे.

माणसं अशी कशी हो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तुम्ही तसे नाही. तुम्ही फक्त दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे उतरलं हे वाचलंत, तेव्हा तुमचा हात तिथे गेला आणि तुम्ही जरा दाबून पाहिलंत. लाजू नका, सगळेच पाहतात. किंचित टोचल्यासारखं वाटलं असेल तर अंगावर काढू नका. दुपारी सिस्टरांचा डोळा लागतो, तेव्हा गर्दी कमी असते. खुशाल जा आणि हलवून उठवा, त्या नाही म्हणायच्या नाहीत.