आधी सांगणारे देवरे सर

देवरे सर शिंकण्याआधी सांगतात.

भर वर्गात गणित शिकवता शिकवता थांबतात, खडू टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "आता मला शिंक येणार आहे. बहुतेक एकच." सगळा वर्ग तयारीत बसतो. शिंक आली तर ठीक. कधी कधी ती ऐनवेळी दगा देते. मग सर नाक चोळत, मनापासून ओशाळून सांगतात, "रद्द झाली," आणि अपूर्णांक पुढे सुरू होतात.

नुसती शिंकच नाही. "आता मी खिडकी लावणार आहे, कडी वाजेल." "आता मी पंखा वाढवणार आहे." स्टाफरूममध्येसुद्धा, "आता मी डबा उघडणार आहे, लसणाची चटणी आहे." ही शेवटची सूचना आम्हाला खरोखरच उपयोगी पडते.

नवीन माणसाला वाटतं, सर जरा सरकलेत. पण मी त्यांच्या शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवते, दोन्ही वर्गांच्या मध्ये फक्त प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे ही सवय लागण्याआधीचे देवरे सर मला चांगलेच माहीत आहेत.

ते देवरे सर म्हणजे नुसता आवाज. सटाण्याकडचा उंचापुरा गडी, भरदार छाती, आणि त्या छातीतून निघेल तेवढं सगळं बाहेर. नाशिकरोडच्या आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला माइक बंद पडला की कोणी तारा तपासत बसत नसे, सरांना पुढे करत. त्यांनी सहावीला शिकवलेलं गणित माझ्या सातवीला फुकट मिळायचं. एकदा माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकाशसंश्लेषणाच्या उत्तरात लसावि काढून दाखवला होता. स्वभावाने माणूस लोण्यासारखा. पण ते एखाद्या मुलाला शाबासकी देत, तेव्हा शेजारचं मूल दचकायचं. "सर, जरा हळू," असं म्हटलं की म्हणायचे, "हळूच तर बोलतोय ना मी!" आणि हे वाक्य फाटकापर्यंत ऐकू जायचं.

अशा माणसाच्या वर्गात तन्वी आली.

तन्वी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. बोलणं थोडं, समज चांगली, पण अचानक आलेला आवाज तिच्या अंगावर कोसळतो. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. आई रोज शाळेच्या व्हरांड्यात बसून राहायची. आधीच्या शाळेतून सारखं बोलावणं यायचं, त्यामुळे मुलीला सोडून घरी जाण्याची तिची सवयच मोडली होती.

गेल्या जूनमधला शाळेचा पहिला दिवस. सर वर्गात शिरले आणि नेहमीप्रमाणे गरजले, "बसा!" सगळी मुलं बसली आणि तन्वी बाकाखाली गेली. गुडघे पोटाशी, हात कानांवर. मुलं फिदीफिदी हसायला लागली. मी दारातून पाहिलं, सरांच्या हातातला खडू तसाच राहिला होता. आता ते ओरडणार, अशी माझी खात्रीच होती.

ते खाली बसले. एवढा मोठा देह, फरशीवर, तिच्यापासून चार हात लांब. गुडघे कडकड वाजले तेव्हा स्वतःच तोंडावर बोट ठेवून गुडघ्यांना गप्प केलं. तो अख्खा तास ते एक शब्द बोलले नाहीत. प्लायवूडच्या पलीकडून एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली, आणि माझंच शिकवण्यात लक्ष लागेना.

मधल्या सुट्टीत त्यांनी तन्वीच्या आईला विचारलं, "ताई, हिला काय चालतं?"

ती बिचारी गोंधळली. काय चालत नाही, हे विचारणारे पुष्कळ भेटले होते. मग म्हणाली, "आधी सांगितलं ना सर, की चालतं तिला. आवाज होणार हे माहीत पायजे फक्त."

"एवढंच?" सर म्हणाले. "मग आधी सांगायचं!"

दुसऱ्या दिवसापासून सरांचा आवाजच गेला. म्हणजे त्यांनी तो घालवला. तोंडात खडीसाखर ठेवून बोलायचे. तोंडात काही असलं की ओरडता येत नाही, हा त्यांचा शोध. मुलांना वाटलं सर आजारी आहेत. बबनमामा, आमचे शिपाई, आठवडाभर न सांगता गरम पाणी आणून देत होते. मग सरांनी बबनमामांनाही कामाला लावलं. घंटा देण्याआधी मामा सहावीच्या खिडकीशी येऊन खांद्यावरचा टॉवेल हलवायचे आणि मगच घंटेकडे जायचे.

बाकांचं सरकणं उरलं होतं. सर पंक्चरच्या दुकानांतून जुन्या ट्यूबा गोळा करत फिरले. दुकानदार विचारायचा, "सायकल कुठंय?" सर म्हणायचे, "सायकल नाही, बाक आहे." तो बाकाला किती चाकं असतात याचा विचार करत ट्यूब काढून द्यायचा. त्या कापून सरांनी वर्गातल्या प्रत्येक बाकाला, खुर्चीला रबराचे बूट घातले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते पाहून विचारलं, "सर, शाळा आहे की गॅरेज?"

मुलांना या सगळ्याचं आधी हसू आलं, मग गंमत वाटली, मग सवय लागली. "माझा कंपास पडणारे." "मी शिट्टी वाजवणारे... नाही वाजवत." सवय भिंत ओलांडून माझ्याकडेही आली. एकदा घरी मी नवऱ्याला म्हणाले, "आता मी कुकर लावणार आहे, शिट्टी होईल." त्याने पेपर खाली करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

तन्वी बाकाखाली जायची, पण कमी. दिवाळीच्या आधी तिने हात वर करून पहिलं उत्तर दिलं. चुकलेलं होतं. सरांनी ते एवढ्या कौतुकाने फळ्यावर लिहिलं की बरोबर उत्तर आलेली मुलं हिरमुसली.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत एक ठेकेदार गृहस्थ उभे राहिले. "आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात." दोन-तीन माना हलल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं आपण बघू." तन्वीची आई शेवटच्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

देवरे सर उठले. चेहरा लाल. मला वाटलं, आता जुना आवाज निघणार आणि खिडक्यांच्या काचा जाणार.

"आता मी बोलणार आहे," ते म्हणाले. "मोठ्यानं नाही बोलणार. उद्या माझ्या तासाला येऊन बसा. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी काही पालक खरंच आले. मागे खुर्च्या टाकून बसले. मोठ्या बाई आणि मी दाराशी. तास मजेत चालला होता. आणि भर अपूर्णांकांत ठेकेदारांच्या खिशातला फोन वाजला. रिंगटोन कोणती? नाशिक ढोल. पूर्ण ताकदीने.

तन्वी बाकाखाली.

फोन बंद करायच्या गडबडीत तो त्यांच्या हातातून दोनदा निसटला. ढोल थांबला तेव्हा वर्गात काय झालं, ते मी कधी विसरणार नाही. कोणी हसलं नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही. मुलांनी पेनं खाली ठेवली. तन्वीच्या शेजारची मयूरी, जी झोपेतही बडबडत असेल असं आम्ही म्हणतो, ती हळूच बाकाखाली सरकली, हातभर अंतर सोडून बसली आणि आपला तळहात उघडा करून जमिनीवर ठेवला. बस. सर खुर्चीत बसून होते. त्यांनी मुलांना डोळ्यांनीसुद्धा काही सांगितलं नाही.

ठेकेदारांच्या पुढच्याच बाकावरचा एक पिटुकला मागे वाकून त्यांना कुजबुजला, "काका, घाबरू नका. येते ती थोड्या वेळात."

मी इतकी वर्षं शिकवतेय. असा वर्ग मी पाहिलेला नव्हता.

तन्वी बाहेर आली. आधी मयूरीच्या तळहातावर टेकलेला तिचा हात दिसला, मग ती. सरळ ठेकेदारांसमोर जाऊन, त्यांच्या खिशाकडे बघत म्हणाली, "आधी सांगायचं."

"चुकलं बेटा," ते म्हणाले. तास संपल्यावर घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "आता मी उठणारे हां. खुर्ची वाजेल." खुर्ची वाजली नाही, सरांनी तिलाही रबर लावलं होतं. वर्ग खदखदून हसला. त्या हसण्याचा मोठा आवाज झाला, आणि तन्वी त्या आवाजात बाकावरच बसून होती.

पुढच्या वर्षाचं मग कोणी काढलं नाही. सरांनी या जूनमध्ये स्वतःहून मागून सातवी घेतली, तन्वीबरोबर वर गेले.

परवा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच चहा पीत होतो. मी विचारलं, "सर, पहिल्याच दिवशी तुम्हाला कसं कळलं हो, तिला ओढून बाहेर काढायचं नाही म्हणून?"

"लवकर कुठे कळलं मॅडम?" ते म्हणाले. "माझा पोरगा लहान होता ना, तेव्हा कळायला पाहिजे होतं. मी घरी आलो, दारातून हाक मारली की तो पलंगाखाली जायचा. रोज. मला वाटायचं, खेळतोय. मी पण हसायचो." कपातला चहा त्यांनी उगाच हलवला. "तन्वी खाली गेली तेव्हा तिचे डोळे बघितले. मग समजलं, तो काही खेळत नव्हता."

मुलगा आता पुण्याला नोकरी करतो. फोन आईला येतो. सरांच्या हातात आला की "बरं बाबा, ठेवतो" होतो.

"मे महिन्यात नातू झाला. जाऊन आलो," सर म्हणाले.

"अरे वा! आणि सांगताय आत्ता?"

"चार दिवस होतो. बाळाला मांडीवर घेऊन बसायचो, पण तोंड नाही उघडलं. म्हटलं, आपला आवाज नको त्याच्या कानावर. निघायच्या दिवशी पोरगा शेजारी येऊन बसला. म्हणे, बाबा, बोला ना त्याच्याशी. आजोबांचा आवाज कळू द्या त्याला."

"मग? काय बोललात?"

"काय बोलणार? काही सुचेचना. मास्तर माणूस. बेचा पाढा म्हटला." सर आता इतकं हळू बोलत होते की मला पुढे वाकावं लागलं. "बे एकं बे, बे दुणे चार. निम्म्यापर्यंत गेलो, तर पोरगा पण सोबत म्हणायला लागला."

"आणि बाळ?"

"झोपून गेलं ना," सर म्हणाले.