नंदकिशोर सर काय म्हणतात?

माझा फोन म्हणजे खिशातलं मेडिकल कॉलेज! औषधांचे डोस, ईसीजीचे नमुने, हृदयाचे आवाज, सगळं त्यात. एमबीबीएस होऊन इंटर्नशिपला लागले तेव्हा मी घरी जाहीरच करून टाकलं, "मला कुणाला काही विचारावं लागणार नाही!"

पहिल्याच आठवड्यात पुतळाआजींनी मला पकडलं. त्यांचे यजमान देवजीआजोबा, नावडे गावचे, पोटात पाणी झालं म्हणून आमच्या वॉर्डात होते. मी त्यांच्या कॉटशेजारी उभी राहून डोस शोधत होते.

"नवरा माजा मराला टेकलाय न् ही पोरगी मोबाईल खेलते!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"खेळत नाही हो आजी! मोठ्या डॉक्टरांना विचारतेय."

"कोन मोठा डाक्टर?"

"नंदकिशोर सर!" निघून गेलं तोंडातून. हे आमच्या कॅन्टीनवाल्याचं नाव.

झालं! त्या दिवसापासून मी फोन काढला की आजोबा उशीवरून मान उचलून नमस्कार करायचे. "सारखी त्याला ईचारतंस. तो बिचारा जेवतो कवा?"

म्हणून सरांसाठी आजींच्या डब्यातून कोलंबीचं कालवण आलं. नाकारलं तर पितळ उघडं पडणार! वैद्यकीय गुप्तता पाळून मी ते एकटीने संपवलं. मग नातीच्या, नमिताच्या हळदीची पत्रिका आली: 'डॉ. नंदकिशोर, सहकुटुंब'. आगरी हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दिवाळीनंतर होती, आणि आजोबांना तिथे नाचायचं होतं. कडू गोळ्या ते तेवढ्यासाठीच गिळायचे.

राउंडला आमचे खरे प्रमुख, आशुतोष सर, आले तर आजोबांनी त्यांनाच थांबवलं. "जरा दम धरा. आधी नंदकिशोर सरांना ईचारू द्या!"

"कोण नंदकिशोर?"

मी घाईघाईने थर्मामीटर झटकायला लागले. तो डिजिटल होता!

बाहेर गेल्यावर सर रागावले नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली. "रिपोर्ट आलाय. यकृताचा कॅन्सर, पसरलाय. फार दिवस नाहीत. आजोबा सारखे विचारतात ना, काय झालंय म्हणून? तुझं ऐकतात. तू सांग."

कॉटशेजारी जाऊन मी सवयीने फोन काढला.

"ईचार त्याला," आजोबा म्हणाले, "मी हलदीला नाचेन का?"

मी खरंच टाइप केलं! रोग, टप्पा, वय, सगळं. फोनने लांबलचक उत्तर दिलं आणि शेवटी लिहिलं: कृपया आपल्या डॉक्टरांशी बोला.

"काय म्हनतो?"

"म्हणतो... तुमच्या डॉक्टरांशी बोला."

त्यांनी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्हंजे तुज्याशी?"

पाय आखडून त्यांनी मला कॉटवर जागा करून दिली. मी फोन खिशात टाकला, बसले आणि सांगितलं. हळदीपर्यंत बहुतेक नाही. मग रडू आवरेना, त्या भरात हेही सांगून टाकलं की नंदकिशोर सर कुणी नाहीतच, कोलंबी मी खाल्ली.



"पुतलाला सांगू नको," आजोबा म्हणाले. "दोनी गोष्टी."

संध्याकाळी आजी नवा डबा घेऊन आल्या. "आज काय बोल्ले सर?"

कॉटवरून आजोबाच खणखणीत आवाजात म्हणाले, "बोल्ले, हलदीला नाचाचं! सगल्यांच्या पुडं!"

आजींनी माझ्या खिशाला हात जोडले.

इतकं ठाम उत्तर माझ्या फोनने आजवर कुणालाच दिलेलं नाही.