झुंबररावांचा सत्कार आणि निकेलचा पत्रा

एका जंगलात, बाळांनो, निकेल शुद्ध करायचा कारखाना होता. आता जंगलात कारखाना कशाला, असं विचारू नका. तुमच्या गावातलं जंगल कुठे गेलं, असं मी विचारलं का?

कारखान्यात हिरव्या पाण्याचं मोठं टाकं होतं. टाक्यात एका बाजूला मळकट निकेलची लादी टांगायची, दुसऱ्या बाजूला स्वच्छ, पातळ पत्रा. मग पाण्यातून वीज सोडायची. लादीतलं निकेल विरघळायचं, पाण्यातून पलीकडे जायचं आणि पत्र्यावर थरावर थर चढायचे. घाण मागे राहायची. टाक्याची राखण गबाजी नावाच्या अस्वलाकडे होती. पत्रा टांगला की गबाजी झोपायचा. तो उठेपर्यंत पत्रा तयार असायचा.

इतकं सुरळीत चाललेलं पाहून सिंहमहाराजांना काळजी वाटणं साहजिकच होतं.

"शेजारच्या जंगलातला वाघ येतोय," ते म्हणाले. "सिंहासनामागे निकेलचा पत्रा लावायचा. त्यात माझी आयाळ केसन्‌केस दिसली पाहिजे. आणि तो जुन्या पद्धतीचा नको. काहीतरी नवीन करा."

म्हणून झुंबरराव माकडाला सुधारणा अधिकारी नेमलं. तोवर झुंबरराव महाराजांच्या आत्याबाईंच्या अंगावरच्या गोचिडी वेचायचे. आत्याबाई भारी चिडक्या. त्यांचा पंजा कधी बसेल याचा नेम नसायचा.

"पत्रा जमला नाही, तर परत आत्याबाईंकडे," महाराजांनी बजावलं.

त्यांनी धडाक्यात सुरुवात केली. आधी वीज दुप्पट केली. पत्र्यावर मुरुमं उठली. मग शेपटीने टाकं ढवळलं. तळाचा गाळ वर आला आणि पत्र्याला चिकटला. शेपटी हिरवी झाली ते वेगळंच.

पण खरी अडचण त्यांच्या हातांची होती. कुठलीही वस्तू उचलून, उलटीसुलटी करून, हुंगून बघितल्याशिवाय माकडाला चैन पडत नाही. झुंबरराव घटकेघटकेला पत्रा बाहेर काढायचे, किती चढलं ते बघायचे आणि परत बुडवायचे. असं केलं की आधीच्या थरावर पुढचा थर धरत नाही. चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसं निकेल सुटू लागलं.

"साहेब, जरा राहू द्या की त्याला पाण्यात," गबाजी जांभई देत म्हणाला.

"राहू देणं म्हणजे सुधारणा नव्हे, गबाजी."

"मग मला तरी झोपू द्या."

"झोपसुद्धा सुधारायची आहे. उभ्याने घे."

वाघ येण्याचा आदला दिवस उजाडला. धड पत्रा एकही नव्हता. झुंबररावांनी नवा पत्रा टांगला, आणि आत्याबाईंचा पंजा आठवून त्यांना रडूच फुटलं.

तेवढ्यात निरोप आला की सुधारणा अधिकाऱ्यांचा जाहीर सत्कार आहे. कामाच्या आधीच? अर्थात. त्या जंगलात सत्कार नेहमी आधीच उरकत. काम झाल्यावर सत्कार करावासा वाटेल, याची कुणालाच खात्री नसे.

मंडप टाक्याशेजारीच घातला होता. झुंबररावांना मंचावर बसवून अंगावर शाल घातली. उजव्या हातात नारळ दिला, डाव्या हातात पुष्पगुच्छ. पाय रिकामे दिसले म्हणून एका पायात मानपत्र दिलं आणि दुसऱ्यात स्मृतिचिन्ह. उरलेला हार हिरव्या शेपटीत अडकवला.

प्रमुख पाहुणे गेंडासाहेब भाषणाला उठले. "मी आपला फार वेळ घेणार नाही," ते म्हणाले, आणि अख्खं जंगल ऐसपैस टेकून बसलं.

झुंबररावांची नजर टाक्यावर खिळली होती. हात शिवशिवत होते. पण नारळ खाली ठेवावा तर सभेचा अपमान, आणि पाय उचलावा तर मानपत्र चुरगळणार. गेंडासाहेब आजोबांच्या शिंगाबद्दल बोलले. मग वडिलांच्या शिंगाबद्दल. मग स्वतःच्या. टाक्याशेजारी गबाजी केव्हाच आडवा झाला होता.

दिवस कलल्यावर आभारप्रदर्शन आटोपलं. झुंबरराव नारळासकट टाक्याकडे धावले. एका हाताने पत्रा बाहेर काढला आणि किंचाळले. आत शाल पांघरलेलं एक माकड होतं. त्यांनी नारळ उगारला. त्यानेही उगारला.

"अहो, तुम्हीच आहात ते," गबाजी डोळे चोळत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पत्र्यात दुसरा वाघ पाहून पाहुणा आदराने मागे सरकला. महाराज खूश झाले. "कसं काय जमवलंत?"

झुंबररावांनी डोकं खाजवून प्रामाणिक विचार केला. काल नवीन असं एकच घडलं होतं.

"सत्काराने, महाराज."

तेव्हापासून तिथे रोज पत्रा टांगला की एका सुधारकाला मंचावर बसवतात. गेंडासाहेब मुख्य अभियंता आहेत. कारखाना जोरात आहे, आणि गबाजीला आडवं होऊन झोपायची रीतसर परवानगी मिळाली आहे.

तात्पर्य: चांगल्या चाललेल्या कामात कुणी सुधारणा करायला आला, तर त्याला अडवू नये, त्याचा सत्कार करावा. मात्र हात भरतील एवढं द्यावं, आणि वक्ता दमाचा बघावा.