मीनाताईंचा हरित सत्कार

उलव्यातल्या वनश्री हाइट्सच्या मंजूर नकाशात बाग आहे. जागेवर त्या बागेत गाड्या उभ्या असतात. मीनाताईंनी फ्लॅट घेतला तो नकाशा पाहून. यजमानांचा गुडघा बदललेला. डॉक्टर म्हणाले, रोज मोकळ्यावर चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. बाहेरच्या रस्त्यावर जासईकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर धावतात, तिथे माणसानं चालावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. म्हणून मीनाताई प्रत्येक वार्षिक सभेत बाग मागायच्या आणि प्रत्येक सभेत त्यांच्या मागणीची नोंद घेतली जायची. नोंद घेण्यात सोसायटी कधी कमी पडली नाही.

यंदा हरित सोसायटी स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक येणार नव्हते, फक्त व्हिडिओ पाठवायचा होता. सेक्रेटरी श्यामसुंदर यांनी तातडीची सभा बोलावून ठराव मंजूर करून घेतला, की बाग करण्यापेक्षा ती दाखवणं अधिक व्यवहार्य आहे. खजिनदारांची मुलगी ऋता व्हिडिओचा कोर्स करत होती. तिनं समजावलं, "मागे हिरवा कपडा लावायचा. सॉफ्टवेअरला तो रंग दाखवला की तेवढा भाग गायब. त्या जागी बाग टाकायची. एकदम बेसिक आहे, काका."

स्पर्धा हरित, म्हणून सर्वांनी हिरव्या पोशाखात यावं असं परिपत्रक निघालं. कमिटी नटूनथटून आली. शूटिंग झालं, ऋतानं हिरवा रंग उडवला आणि कॉम्प्युटरवर कुठल्याशा परक्या बागेत कमिटीची मुंडकी तरंगू लागली. हिरव्या चुड्यापाशी बायकांचे पंजे सुटे झाले होते. खजिनदारांना घाम फुटला, पण श्यामसुंदर विचारात पडले.

"म्हणजे हिरवं घातलं की माणूस दिसत नाही?"

"चेहरा उरतो, काका. पण त्याच्याभोवती रेघ मारून तोही उडवता येतो. आमच्यात त्याला कचरा काढणं म्हणतात."

तंत्रशिक्षणाचं महत्त्व श्यामसुंदरांना त्या क्षणी पटलं.

पुढच्या रविवारी कमिटी पांढऱ्या कपड्यांत हजर झाली. तेवढ्यात मीनाताई आल्या. म्हणाल्या, "बाग नाहीये हे मी कॅमेऱ्यासमोर सांगणार."

"सांगा ना, ताई. तुमी आमच्या सिनियर मेंबर. पण आधी सत्कार."

हिरवीगार शाल आली, नारळ आला. "डोक्यावरून घ्या, शोभून दिसेल," श्यामसुंदर म्हणाले. एवढा मान मीनाताईंना या सोसायटीत कधी मिळाला नव्हता. त्या विरघळल्या आणि मनापासून बोलल्या: गुडघा, ट्रेलर, नकाशा, गाड्या, सगळं. टाळ्या पडल्या. श्यामसुंदरांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

व्हिडिओत त्या नव्हत्याच. त्यांच्या शब्दांच्या जागी कोकिळा गात होती. हातातला नारळ तेवढा उडवायचा राहिला आणि हवेत लटकला. परीक्षकांनी 'बागेत फलधारणा उत्तम' असा शेरा मारला. सोसायटी पहिली आली.

मीनाताई तडक सेक्रेटरींकडे गेल्या. "मी यात कुठंय?"

"सत्कार झाला ना तुमचा?"

"आणि बाग?"

"प्रमाणपत्र आहे तिचं. आता असलेली सुविधा परत कशी मागणार, ताई? ऑडिटला उगाच टेन्शन."

यापुढे त्यांच्या मागणीची नोंदही घेतली जाणार नव्हती. त्या घरी आल्या तेव्हा यजमान भिंत धरून दारापासून लिफ्टपर्यंत चालत होते आणि लिफ्टपाशी वळताना कण्हत होते. मीनाताईंना रडू आलं. मग संताप आला. त्यांनी अर्ज लिहिला आणि सह्या मागत एकेक मजला चढू लागल्या.

तुमचीही बेल त्यांनी वाजवली होती. तुम्ही सेफ्टी डोअर न उघडताच म्हणालात, "काकू, काय मस्त बाग आहे हो आपली. मी तर स्टेटसला ठेवलीये."